नाव सोनूबाई

परवा शेजारच्या वहिनी रडतच आमच्याकडे आल्या. भाऊंच्या ऑपरेशनसाठी कानातल्या कुड्या मोडायला सराफाकडे गेल्या होत्या. सराफ म्हणाला, "सोन्याचे पैसे देतो, खड्यांचे काही मिळायचे नाहीत." वीस वर्षांपूर्वी विकणाऱ्याने 'अमेरिकन डायमंड' म्हणून दिल्या होत्या. वहिनी समजल्या, अमेरिकेचा हिरा! मला म्हणाल्या, "भाऊजी, मी सगळ्यांना हिरेच सांगत आले हो."

मला सांगा, यात वहिनींचं काय चुकलं?

नकली खडे काही आजचे नाहीत. युरोपात ऱ्हाईन नदीच्या पात्रात स्फटिकाचे चमकदार गोटे सापडत. फ्रेंच त्यांना 'ऱ्हाईनचा गोटा' म्हणत. त्यावरूनच इंग्रजीत 'ऱ्हाईनस्टोन' आलं. पुढे काचेच्या खड्यांनी ते नाव उचललं. ही उसनवारी खरी, पण नावात दगडच राहिला, हिरा नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने शिसं घातलेल्या काचेचे खडे प्रसिद्ध केले. आजही फ्रेंच आणि जर्मन भाषेत अशा खड्यांना 'स्ट्रास'च म्हणतात.

आणि आपला अमेरिकन डायमंड? तो ना अमेरिकन, ना डायमंड! हिरा म्हणजे कार्बन. हा झिरकोनियम धातूचं ऑक्साइड, हिऱ्याहून दीडपट जड. तो मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकशास्त्र संस्थेत विकसित झाली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून रशियात त्याला 'फियानिट' म्हणतात. म्हणजे रशियनांची विद्या, अमेरिकेचं नाव आणि हिऱ्याचा तोरा!

कुणी म्हणेल, "किमतीवरून कळायला नको का?" अहो, ज्याने आयुष्यात खरा हिरा कधी घेतला नाही, त्याला त्याची किंमत काय ठाऊक? तो नावावरच विश्वास ठेवतो. शब्दांनी फसवणं हे मापात मारण्यासारखंच पाप आहे.

माझा राग खड्यावर नाही. तो सुंदर आहे, गरिबाच्या लेकीला लग्नात मिरवू देतो. आमची आजी 'हे खोट्याचे' असं सरळ सांगून दागिने घाली. त्यात तिला कमीपणा वाटला नाही. दुकानदारांनीही पावतीवर स्वच्छ मराठीत 'कारखान्यात बनवलेला खडा, हिरा नव्हे' असं लिहावं. खप कमी होईल? होऊ दे.

मुलांना शिकवताना मी 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण हसत हसत सांगायचो. परवापासून हसू येत नाही.