पाच नगांचा माणूस

आमच्या वाशिमात पाच माणसांचा डबा करून मिळतो, पाच खुर्च्या भाड्याने मिळतात, वेळ पडली तर साक्षीला पाच माणसंही मिळतात. पाच दर्शनी पट्ट्या मात्र मिळत नाहीत.

दर्शनी पट्टी म्हणजे ॲम्प्लिफायरच्या तोंडावरचा तो ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यातून गोल बटणं डोकावतात आणि त्यांच्याखाली त्यांची नावं असतात. जाणकार तिला फ्रंट पॅनल म्हणतात. आमच्या घरात ‘तुमचा तो पत्रा’ म्हणतात. निवृत्तीनंतर मी आसपासच्या भजनी मंडळांसाठी ॲम्प्लिफायर बनवतो. वर्षाला पाच. याला धंदा म्हणवत नाही, कारण धंद्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि ती वही सौ.च्या हाती पडू शकते.

आतल्या कामाची मला कधीच अडचण आली नाही. ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतं. अडतं ते तोंडाशी. घरी आलेला पाहुणा आतली जोडणी बघत नाही, हातभर लांबून पत्रा बघतो आणि म्हणतो, “घरीच केलाय वाटतं!” लोणचं घरचं असलं की हाच गृहस्थ दुसऱ्यांदा वाढून घेतो. ॲम्प्लिफायर घरचा असला की त्याला माझी कीव येते.

“मग तयार खोकं का घेत नाही?” असं आपण विचाराल. सगळेच विचारतात. तयार खोक्याच्या पट्टीवर भोकं आधीच पाडलेली असतात आणि नावं आधीच छापलेली असतात. म्हणजे बारसं आधी, मूल नंतर! माझी बटणं तीन, भोकं पाच. उरलेल्या दोन भोकांत लोक बटणं बसवून मोकळे होतात. ती आत कशालाच जोडलेली नसतात. दुरुस्तीला आलेले असे डबे मी स्वतः उघडले आहेत. एका मंडळाचे बुवा दहा वर्षं ‘इको’चं बटण मोठ्या तब्येतीने फिरवत होते. मी त्यांना दाखवलं, की याच्या पाठीमागे एक तारसुद्धा नाही. ते शांतपणे म्हणाले, “तरीपन फरक पडते, सर.”

शिवाय ती नावं इंग्रजीत. बटण फिरवणार रिसोड तालुक्यातला पेटीवाला, त्याने ‘ट्रेबल’ कुठल्या लिपीत आणि का वाचावं? अशा एका डब्यावर मंडळाने दवाखान्यातली चिकटपट्टी लावून वर लिहिलं होतं, ‘हे फिरवू नये’. त्या डब्यावर खरं बोलणारी तेवढीच एक पट्टी होती.

म्हणून मी ठरवलं, पट्टी आपली, नावं मराठीत : आवाज, खर्ज, टीप. आणि तिथून माझी वारी सुरू झाली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला खरा, पण पत्र्यासाठी आम्हाला अजून अकोलाच गाठावा लागतो. तिथल्या एका कारखानदाराने माझा कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, “किती नग?”

“पाच.”

“शंभर असन तं बोला.”

एके काळी हे शंभराचं म्हणणं रास्त होतं, हे मी मान्य करतो. पडद्यावरून छपाई करायची तर फिल्म काढा, जाळीची चौकट तयार करा. चौकटीचा खर्च एका पट्टीला तेवढाच, शंभरांनाही तेवढाच. ॲनोडायझिंगचंही तेच. आम्लाच्या टाकीत पत्रा टांगून वीज सोडायची, त्यावर ऑक्साइडचा थर चढला की रंग मुरवायचा आणि गरम पाण्यात त्याची छिद्रं बंद करायची. पाच पट्ट्यांसाठी एवढा संसार कोण मांडील?

पण आता गावोगाव लेझरची यंत्रं आली आहेत. काळा रंग मुरवलेला पत्रा खाली ठेवला की किरण नेमका अक्षरापुरता रंग जाळतो आणि पांढरं अक्षर उमटतं. फिल्म नाही, चौकट नाही. मांडणी एकदा संगणकात बसली, की पहिला नग आणि शंभरावा नग यांत त्या यंत्राला काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो मालकाला. शंभराचं कारण केव्हाच मेलं. शंभराचा रुबाब मात्र पेन्शन खात बसला आहे!

असं एक यंत्र सन्मानचिन्हं करणाऱ्या दुकानात आहे. माझ्या निरोप समारंभाचं चिन्ह तिथलंच. एकच नग, तोही माझं आडनाव चुकवून! मी मालकाला म्हटलं, “एका मास्तरला घरी पाठवायला एक नग चालतो, मग ॲम्प्लिफायरला का नाही?”

“ते येगळं असते, सर. हे मशीनचं काम हाय.”

माझी दाद लागली ती शेवटी भांड्याच्या दुकानासमोर. तिथे भांड्यांवर नावं घालणारा बसतो. त्याने उभ्या जन्मात कुणाला किती नग म्हणून विचारलं नसेल. चमचा एक असला तरी त्यावर अख्खं खानदान कोरून देतो. मी तीन मिलिमीटरचा पत्रा स्वतः कापला, भोकं पाडली, पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासला आणि पाच पट्ट्या त्याच्यापुढे मांडल्या. त्याचं छोटं यंत्र गुणगुणू लागलं. ‘आवाज’ झालं, ‘खर्ज’ झालं. मग ‘टीप’ कोरून त्याने पुढे दोन टिंबं दिली आणि हात थांबवून विचारलं, “आता सांगा, काय लिहू?”

“कशाचं काय?”

“टीप लिहाची हाय ना खाली?”

बारीक, उंच सुरालाही टीप म्हणतात, हे मी त्याला गाऊन दाखवलं. रस्त्यावर. माणसं जमली. उरलेल्या चार पट्ट्या बिनटिंबांच्या झाल्या. फक्त शेवटचीवर सवयीने ‘यांजकडून सप्रेम भेट’ आलं. अक्षरांत काळा ऑइल पेंट भरला, वरचा फडक्याने पुसला आणि डबे पोचते केले.

परवा मंडळाचे बुवा आले. पट्टी वाचता येते म्हणून पेटीवाला खूश आहे म्हणाले. शेजारच्या गावाला दोन डबे हवे आहेत, पण भेटवाली पट्टी पाहिजे, तेवढीच शोभा. भांडीवाला गावी गेलेला, म्हणून मी पुन्हा त्या सन्मानचिन्हाच्या दुकानात गेलो.

“किती नग?”

या वेळी मी ‘दोन’ म्हणालो.