गोरे मास्तर, आपली बाराखडी



गेल्या महिन्यात शिरूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. लिहितात, "भाऊ, तुम्ही खतांचे, कीडनाशकांचे सांगता ते उपयोगी पडते. आज वेगळेच विचारते. थोरली पाचवीला जाणार. कारभारी म्हणतात गावची मराठी शाळाच बरी. मला वाटते तालुक्याला इंग्रजी शाळेत घालावी. फी भरायची तर एक गाय विकावी लागेल. काय करू?"

गाय विकायची म्हटल्यावर हा प्रश्न नुसता शाळेचा राहिला नाही, गोठ्याचाही झाला. म्हणजे माझ्या खात्यात आला! पण उत्तर सरळ देता येईना. इंग्रजीचे नाव काढले की मला माझेच दिवस आठवतात. मी खेड्यातल्या मराठी शाळेतून पुण्याच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.ला आलो. पहिले दोन महिने वर्गात काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. मातीवरचा तास चाले. जन्मभर जी माती तुडवली ती इंग्रजीत आली तेव्हा ओळखू येईना. शेवटी वसतिगृहातल्या वरच्या वर्गातल्या एका मुलाने रोज रात्री तासभर मराठीतून समजावले, तेव्हा गाडी रुळावर आली.

सुट्टीच्या दिवशी खिशात पैसे नसत, म्हणून पेठांतून पायी हिंडत असे. तसाच एकदा पंचहौदला पोहोचलो आणि तिथला मिशनचा उंच घंटामनोरा पाहिला. मनात आले, ही माणसे एवढ्या लांबून इथे येऊन राहिली कशी? कोणाशी बोलली, कोणत्या भाषेत? तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. त्यातलेच थोडे आज सांगतो.

पुण्यात पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर दहाबारा वर्षांतच स्कॉटलंडचे मिशनरी इथे आले. जेम्स मिचेल हे त्यातले एक जुने नाव. हेतू लपवायचे कारण नाही, ते आपला धर्म सांगायला आले होते, आणि शाळा हे त्याचे एक साधन होते. पण शाळा काढायची तर आधी स्वतःलाच शाळेत बसावे लागे. सकाळी पंतोजी येणार आणि हे दाढीमिशावाले साहेब त्यांच्यापुढे बसून 'ळ' घोकणार! त्या काळी हाताशी साधनेही फारशी नव्हती. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली. जॉन स्टीव्हन्सन या मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण लिहून छापले १८३३ साली. म्हणजे आपल्या भाषेचे व्याकरण परक्याने आपल्यापाशी बसून शिकावे आणि मग लिहावे, असा तो मामला.

इथे मला आमच्या खात्याचे आठवल्याशिवाय राहत नाही. नोकरीला नवा असताना एका गावी चावडीसमोर मी तासभर नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब-नत्र गुणोत्तर असे भाषण ठोकले. शेवटी एक म्हातारबाबा उठले. म्हणाले, "सायेब, समदं झ्याक हाय. पन टाकायचं काय आन् किती, त्येवडं सांगा." त्या दिवशी मी माझी बाराखडी नव्याने गिरवली.

तर या मंडळींचा दिवस कसा जाई? सकाळी भाषेचा अभ्यास, मग शाळांची पाहणी, बाजारात किंवा वेशीपाशी प्रवचन, संध्याकाळी पत्रे. थंडीत गावोगाव फिरती. पत्र आगबोटीच्या आधीच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून जाई. ते पोचायला चार-सहा महिने आणि उत्तराला तेवढेच. आईच्या आजाराची बातमी हाती पडेपर्यंत म्हातारी बरी तरी झालेली असायची, नाहीतर गेलेली तरी.

सिंथिया फरार नावाची एक बाई होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर भागातली, बिनलग्नाची. १८२७ च्या जूनमध्ये ती बोस्टनहून शिडाच्या जहाजात बसली आणि डिसेंबर सरता सरता मुंबईला उतरली. पेरणीला निघालेली बाई, ज्वारी पोटरीत आली तेव्हा पोचली म्हणा ना! एकटी बाई अमेरिकन मिशनने परदेशी धाडायची ही पहिलीच वेळ मानतात. वय तिशीच्या पुढे. आधी तिने मराठी शिकली, मग मुलींच्या शाळा सांभाळल्या. मध्ये तब्येत ढासळली म्हणून मायदेशी गेली, आणि १८३९ साली पुन्हा आली ती नगरला. तिथेच शाळा चालवत १८६२ साली वारली. परत जायला तिला कोणी अडवले नव्हते.

तिच्या शाळांतली एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजी तिची स्वतःची भाषा, तरी मुलींना शिकवायचे ते मराठीतून. मिशनच्या पुष्कळ शाळांत शिकवणारे पंतोजीही हिंदूच असत, कारण दुसरे मास्तर आणायचे कुठून? इंग्रजी शाळा असत त्या बहुधा मुलग्यांसाठी. तिथे बायबल, भूगोल, इतिहास, गणित असे सगळे.

लोक घाबरत. घाबरायला कारणही होते. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि पारशी पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. वर्षानुवर्षे जमवलेली शाळा अशी एका आठवड्यात ओस पडायची. मास्तरांच्या बाजूने पाहिले तर पिकावर गारा पडाव्यात तसे, आणि बापांच्या बाजूने पाहिले तर पोटचा गोळा हातचा जायची भीती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या असे मला वाटते. पुण्यात तर पुढे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे नुसता चहा आला, तरी केवढा गहजब झाला! गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावेच छापून आणली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. मी दिवसाला दहा घरचा चहा पितो. त्या काळी माझे काय झाले असते?

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्यातल्या गोविंदराव फुल्यांनी आपल्या मुलाला मराठी शाळेत घातले होते. दुकानातल्या एका कारकुनाने कान भरले, की शिकून मुलगा शेताच्या कामाचा राहणार नाही. बापाने शाळा बंद केली आणि पोराच्या हाती खुरपे दिले. हे वाक्य मी आजही गावोगाव ऐकतो, फक्त कारकून बदलला. पोर दिवसा मळ्यात राबे, रात्री दिव्यापाशी वाची. ते शेजारच्या गफार बेग मुन्शींनी आणि लिजिटसाहेबांनी पाहिले आणि बापाला पटवले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले. तेव्हा लग्नही झालेले होते, वय चौदा. १८४७ साली ते शिक्षण पुरे झाले.

मिशनऱ्यांना वाटले असेल, एवढा हुशार मुलगा आपला होईल. झाला नाही. त्याने इंग्रजी घेतली, माणसे सारखी हा विचार घेतला आणि आपल्या वाटेने गेला. मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला होते. त्यांच्याकडे गेल्यावर जोतीरावांनी फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली. १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरला फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ सालचा. इंग्रजी शिका असे सांगणारी कविता त्यात आहे, पण लिहिलेली आहे मराठीत. भिडेवाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला. मी विद्यार्थी असताना त्यावरून शंभरदा गेलो असेन आणि एकदाही मान वर केली नाही, याची आता खंत वाटते.

पुढे जोतीरावांनी मांजरीला शेती केली आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आम्ही कृषिवाले पाणलोट, पाणलोट म्हणतो ना? डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, पाणी मुरवा, माती वाहू देऊ नका, हे त्यात आहे. चांगल्या जातीची जनावरे, शेतकऱ्यांची प्रदर्शने, नांगरटीच्या परीक्षा आणि बक्षिसे हेही आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाने कुणब्याला कळेल अशा मराठीत ते लिहिले. म्हातारबाबांना उठून विचारावे लागले नसते.

तर ताई, तुमच्या पत्राबद्दल. गाय विकू नका. दूध आहे तर फी पुढेही भरता येईल. पोर पाचवीत मराठी शाळेतच राहू द्या, मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींना एकदा जाऊन भेटा. कारभाऱ्यांनाही बरोबर न्या, एकट्या जाऊ नका. पोरीला येते किती ते तिच्यासमोर विचारा. गुरुजी कच्चे निघाले तर मला लिहा. मराठीतून इंग्रजी समजावणारे कोणी त्या बाजूला मिळते का, मी बघतो. आठवीला पुन्हा विचार करू. आणि थोरलीच्या मागची कोण आहे, मुलगा की मुलगी, ते तुम्ही लिहिले नाही. मुलगा असेल तर कारभाऱ्यांना एवढेच विचारा, की तो पाचवीला जाईल तेव्हा गाय विकायची की नाही.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल. शेतात पक्षी बसायला काठ्यांचे मचाण अजून रोवले नसेल तर तेवढे आधी करून घ्या.