गव्हाची सोंगणी आणि आपला कॅमेरा

मैत्रिणींनो, होळी जवळ आली की आपल्या घरात दोन घाया सुरू होतात. एक मुलांच्या परीक्षांची आणि दुसरी वर्षाचा गहू भरण्याची. लोकवन घ्यावा की सिहोर, कोठीत कडुनिंबाचा पाला किती घालावा, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. पण तोच गहू शेतात पिकून उभा असताना कसा दिसतो, हे कितीजणींनी डोळे भरून पाहिलंय? पाहिलं असेल, तर त्याचा एखादा चांगला फोटो घरात आहे का?

माझं सासर निफाड तालुक्यातलं. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीसाठी ज्या निफाडचं नाव बातम्यांत येतं ना, तेच. गव्हाला ही थंडी मानवते. आता तिकडे द्राक्षं आणि कांदा फार झाला. पण आमच्या मोठ्या जाऊबाई घरापुरता एक तुकडा गव्हाचा राखतातच.

गेल्या वर्षी ऐन सोंगणीत आम्ही गावी गेलो होतो. ह्यांनी नवा मोबाईल घेतला होता आणि मला फोटोंची भारी हौस. चहा-नाश्ता आटोपून अकराच्या सुमाराला मी शेतात पोहोचले. पाच बायका ओळीने वाकून सोंगत होत्या. म्हटलं, "मावशी, जरा थांबा. सगळ्याजणी इकडे बघा बरं!" असं एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांतल्या वयाने मोठ्या मावशी विळा हातात तसाच धरून सरळ उभ्या राहिल्या.

"ताई, आमचं उक्तं काम हाये. तुमचा फोटो व्हईल, पण माझी पात मागं राहील."

शाळेत मुलांना रोज उपदेश करणारी मी, त्या वेळी मात्र मला उत्तर सुचेना. उक्तं म्हणजे अख्ख्या तुकड्याचे पैसे ठरलेले. हा लवकर उरकला तरच दुसरा हाती घेता येतो. माझी हौस त्यांच्या मजुरीतून चालली होती, बाई!

बरं, फोटो तरी धड यावेत? आभाळ पांढरंफटक, गहू वाळक्या गवतासारखा आणि बायकांच्या तोंडावर पदराची काळी सावली. जाऊबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "शेत आलंय गं, पण आपलं शेत वाटत नाही."

ते मनाला लागलं. यंदा जरा विचार करून गेले. काय उमगलं ते सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. बायका दिवस उगवायला शेतात हजर होतात, त्या उगीच नाही. एक तर उन्हाचा त्रास वाचतो. शिवाय पिकलेल्या ओंब्या उन्हाने कडकडीत झाल्या की विळा लागताच दाणे झडतात. सकाळच्या दवाने त्या जरा नरम असतात. फोटोलाही नेमका हाच मुहूर्त! मार्चच्या मध्यावर आपल्याकडे पावणेसातच्या सुमाराला सूर्य उगवतो. पहिला तासभर ऊन तिरपं आणि पिवळसर असतं. सूर्य अगदी पाठीशी घेऊ नका, एका बाजूला राहू द्या. मग ओंब्यांची कुसळं अशी उजळतात की पाहत राहावं. सकाळी जमलं नाही, तर मावळतीचा तास धरा.

दुसरी गोष्ट मोबाईलची. आधी त्याची काच जुन्या, मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या तेलकट हातांचे ठसे तिच्यावर हमखास असतात! पडद्यावर गव्हावर बोट टेकवलंत की उजेड कमी-जास्त करता येतो. तो थोडा कमीच ठेवा, म्हणजे सोनेरी रंग फिका पडत नाही. झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा. आभाळाची आणि शेताची रेघ मधोमध नको. शेत दाखवायचं तर आभाळाला वरचा तिसरा हिस्सा पुरे. आणि उभ्यानेच काढू नका. पदर खोचून खाली बसा, ओंब्यांच्या उंचीवरून बघा. तेवढासा तुकडा केवढा तरी दिसतो.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. नुसतं पिवळं रान काढलं तर ते कुणाचंही असतं. पेंढ्यांची रांग, बांधावरची कळशी, बाभळीखाली ठेवलेल्या भाकरीच्या फडक्या असं काहीतरी जवळ येऊ द्या. फ्रान्समध्ये मिले नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र काढलं. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. धान्याच्या उंच गंजी, गाडी, घोड्यावरचा मुकादम हे सगळं दूर, लहानसं. आणि समोर, मोठ्या, सांडलेल्या ओंब्या वेचणाऱ्या तीन बायका. कुणाला जवळ घ्यायचं आणि कुणाला दूर ठेवायचं, हे त्या चित्रावरून शिकावं.

आणि एक सावधगिरीचं सांगते. मळणीयंत्राचे फोटो लांबूनच काढा. पदर, ओढणी, मोकळे केस यांचं आणि त्या पट्ट्यांचं हाडवैर असतं. हार्वेस्टर चालू असेल तर त्याच्या वाटेत उभ्या राहू नका. भुसा उडतो तेव्हा डोळे सांभाळा, मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

आता यंदाची हकिकत. साडेसहालाच शेतात गेले. त्याच मावशी होत्या. म्हटलं, "मावशी, आज कुणी थांबायचं नाही. तुम्ही सोंगा, मी बांधावरून काढते. चालेल ना?" त्या हसल्या. "मंग काढा की!" न्याहारीला बसल्यावर मात्र विचारून त्यांचा चेहऱ्याचा एक फोटो घेतला.

मग जाऊबाईंचा घेतला. पेंढी बांधताना, कपाळावर घाम, हातात विळा. लग्नकार्यातले त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. पण पंचवीस वर्षं ज्या शेतात त्या राबल्या, तिथला एकही नव्हता! मला या घरात येऊन बारा वर्षं झाली, आणि हे कधी लक्षात आलं नाही.

शहरात परतल्यावर दोन्ही फोटो छापून घेतले आणि पुढच्या खेपेला गावी नेले. जाऊबाईंनी त्यांचा देवघराशेजारी लावला. मावशींनी त्यांचा हातात घेऊन बराच वेळ पाहिला, पदराने पुसला आणि विचारलं, "ह्याचं किती द्यायचं, ताई?"

मी म्हटलं, "गेल्या वर्षी तुमची पात मागे राहिली होती ना? ते देणं फिटलं असं समजा."

तेव्हा मैत्रिणींनो, सुगीला गावी जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण विचारून काढा, काम न थांबवता काढा आणि ज्यांचा काढाल त्यांना एक प्रत नेऊन द्या. मोबाईलमध्ये शंभर फोटो पडून राहतात. छापलेला एकच, पण तो कुणाच्या तरी घरात लागतो.