कातरलेला ब्लॉट पुरावा ठरत नाही

शोधनिबंधात छापलेला वेस्टर्न ब्लॉट म्हणजे बहुधा बोटाच्या पेराएवढी राखाडी पट्टी आणि तिच्यावर चार-सहा काळ्या रेघा. अमुक प्रथिन वाढले की घटले, याचा निवाडा या रेघांवर होतो आणि पुढचे संशोधन व अनुदान त्याच निवाड्यावर उभे राहते. म्हणून केवळ पट्टी कातरून छापण्याची आणि संपूर्ण ब्लॉट कपाटात ठेवण्याची मुभा कोणत्याही नियतकालिकाने किंवा विद्यापीठाने देऊ नये.

यामागचे कारण प्रयोगाच्या सर्वांत नाजूक टप्प्यात आहे. जेलमध्ये प्रथिने आकारमानाप्रमाणे वेगळी होतात, पण तिथे अडकलेल्या प्रथिनांपर्यंत त्यांना ओळखणारी अँटिबॉडी नीट पोहोचत नाही. १९७९ साली बाझलमध्ये टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी ती प्रथिने विजेच्या प्रवाहाने नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पडद्यावर उतरवली. आजही हेच करतात: जेलवर पडदा, दोहोंच्या बाहेरून भिजवलेले फिल्टर पेपर. जेल आणि पडद्यामध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी काहीच उतरत नाही आणि गोल पांढरा डाग दिसतो. मोठी प्रथिने जेलमध्येच रेंगाळतात, लहान प्रथिने कधी पडद्यातून आरपार निघून जातात. पडदा पॉन्सो एसच्या लाल रंगात काही मिनिटे बुडवला की उतरलेली सगळी प्रथिने गुलाबी रेघांनी दिसू लागतात. नंतर पाण्याने धुतले की रंग निघून जातो. रेघ नाही, याचा अर्थ पेशीत ते प्रथिन नव्हते, की पडद्यावर आलेच नाही? कातरलेली पट्टी याचे उत्तर देऊ शकत नाही. गुलाबी पडद्याचे छायाचित्र बरेचसे देते.

पट्टीतून फसवणेही सोपे असते. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ४० नियतकालिकांतले २०,६२१ शोधनिबंध तपासले. ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह आकृत्या निघाल्या आणि त्यांपैकी किमान निम्म्यांत हेतुपुरस्सर फेरफाराची चिन्हे होती. अल्झायमरवरचा 'नेचर'मधला २००६ सालचा एक गाजलेला निबंध आकृत्यांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मधली अठरा वर्षे इतर संशोधक त्याचा आधार घेत राहिले. हा वेळ कोणी भरून देऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांवर आधीच कामाचा बोजा आहे, त्यात हे कशाला, असा आक्षेप येईल. पण हल्ली ब्लॉटचे चित्र बहुधा यंत्रातूनच संगणकावर उतरते. वाढणारे काम म्हणजे पॉन्सोचे एक छायाचित्र आणि फाइली जोडणे. डागाळलेला ब्लॉट पाहून परीक्षक निबंध नाकारतील, ही भीती मात्र खरी आहे. परीक्षकांनीच ती दूर करायला हवी, कारण पार्श्वभूमीचा डाग हा गुन्हा नव्हे. मूळ चित्रही बनावट असू शकते, हेही मान्य. तरी सगळा पडदा बेमालूम रचणे एक रेघ चिकटवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. 'जर्नल ऑफ सेल बायोलॉजी' २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या आकृत्या तपासते आहे, म्हणजे अशी शिस्त पाळता येते. आपल्या विद्यापीठांनी निदान पीएच.डी.च्या प्रबंधापासून सुरुवात करावी: प्रत्येक ब्लॉटमागे पूर्ण पडद्याचे चित्र परिशिष्टात असल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये.