ऑर्किडच्या कुंडीत काय भरावं?

मैत्रिणींनो, सुवासिक कॅटलियाची कुंडी बदलताना नर्सरीवाले हमखास मॉस किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे सुचवतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मला दोन्ही पटत नाहीत. हे ऑर्किड मूळचं झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मॉस दिवसेंदिवस ओलं राहतं, मुळं कुजतात, चिलटं होतात. मग औषध फवारून ती मारायची? त्यापेक्षा ती होऊच नयेत असं बघणं, हीच खरी जयणा.

म्हणून लाकडी कोळशाचे आणि विटांचे इंचभर तुकडे धुऊन, भिजवून भरा. नवी मुळं फुटू लागली की कुंडी बदला. उन्हाळ्यात पाणी रोज घालावं लागेल, हे खरं; पण फवारणीच्या बाटलीपेक्षा मला ते काम परवडतं.