बर्फाची खालची बाजू

आर्क्टिकचा बर्फ वितळतोय म्हटलं की छापायला फोटो एकच: तुकड्यावर ताटकळलेलं पांढरं अस्वल. माझी तक्रार अस्वलाबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल आहे. तो कायम बर्फाच्या वर असतो आणि तिथली चूल पेटते खाली.

बर्फ फोडणाऱ्या जहाजाने एखादा तुकडा उलटा केला, तर त्याची खालची बाजू आठवडाभर न घासलेल्या चहाच्या पातेल्यासारखी तपकिरी दिसते. ते शेवाळ. बर्फातून झिरपणाऱ्या मिणमिणत्या उजेडावर वाढणारं. वसंतात त्यावर ताव मारतात तांदळाच्या कणीएवढे कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव. त्यांच्या पारदर्शक अंगात चरबीची पिशवी चक्क दिसते. त्या चरबीवर ध्रुवीय कॉड, कॉडवर सील, सीलवर अस्वल. या शेवाळाच्या बळावर कोपेपॉडच्या माद्या अंडी घालतात आणि पिल्लं खाती होईपर्यंत मोकळ्या पाण्यातलं प्लवंग बहरतं. बर्फ लवकर फुटला की पहिली पंगत अर्ध्यावर उठते, दुसरी वेळेआधी वाढली जाते. पिल्लं पोचतात तेव्हा पत्रावळी उचललेल्या.

बर्फाचं दुसरं काम याहून आडबाजूचं. बेरिंग समुद्र घ्या (तो आर्क्टिकचा उंबरठा, भूगोलवाल्यांनी उंबरठ्यावरून भांडू नये). तिथे बर्फ धरताना मीठ बाहेर पडतं, जड गार पाणी तळाशी बसतं आणि उन्हाळ्यातही दोन अंशांखाली राहतं. पॅसिफिक कॉड त्या गारठ्यात सहसा शिरत नाही, म्हणून स्नो क्रॅब या खेकड्याची पिल्लं तिथे बिनघोर वाढतात. 2018 च्या हिवाळ्यात नोंदींमधला सर्वांत कमी बर्फ धरला आणि हे कुंपण जवळजवळ नाहीसं झालं. खेकडे तेव्हा तळावर प्रचंड संख्येने होते. 2021 पर्यंत त्यातले एक हजार कोटींहून जास्त गेले. 2023 च्या शोधनिबंधाने बोट ठेवलं ते भुकेवर: पाणी शून्यावरून तीन अंशांवर गेलं की खेकड्याला जवळपास दुप्पट अन्न लागतं, आणि खाणारी तोंडं तर दाटीवाटीने बसलेली.

अलास्काच्या बोटींना 2020-21 मध्ये साडेचार कोटी पौंडांचा कोटा होता, पुढच्या हंगामात 56 लाखांचा आणि 2022 च्या ऑक्टोबरात थेट हंगामच बंद, तोही पहिल्यांदाच. बंदी योग्यच होती. पण उपास घडला तो पाणी न तापवणाऱ्यांना; बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावरच्या गावाचा गाडा याच खेकड्यावर चालायचा.

म्हणून ‘बर्फ हटला की मासेमारीला नवं पाणी मोकळं’ हा हिशेब मला पटत नाही. कॉड आणि पोलॉक हे मासे उत्तरेला सरकले हे खरं. पण त्या वहीत जमेची बाजू तेवढी लिहिली जाते; तळावरचे खेकडे कोणत्याच पानावर नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरात स्नो क्रॅबचा हंगाम पुन्हा उघडला, 47 लाख पौंडांवर.