तिकीट हाती, माणूस दाराबाहेर

जळगावजवळ कुसुंब्याच्या माळावरील विमानतळावरून 'उडान' योजनेतील मुंबईची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. ती बंद पडली, पुढे दुसऱ्या कंपन्या आल्या व गेल्या, आणि २०२४ साली गोवा, हैदराबाद, पुणे व मुंबई यांच्याशी जळगाव पुन्हा जोडले गेले. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, परंतु नियमित प्रवासी सेवा तेथे कधी रुजली नाही. धुळेकराने जळगाव किंवा ओझर गाठावे. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावे, असे पंतप्रधानांनी २०१७ साली सांगितले होते. दारावरचा जवान चप्पल पाहत नाही, हे खरेच. तो कागद पाहतो.

हा कागद कोणता? नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची यादी दिली. पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहनपरवाना, नोकरीचे ओळखपत्र, विद्यार्थ्याचे ओळखपत्र, छायाचित्र असलेले राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक, पेन्शनरांचे व अपंगांचे ओळखपत्र. यांपैकी कोणतेही एक पुरे. शिधापत्रिका त्यात नाही. आईबापांबरोबर जाणाऱ्या लहान मुलाला ओळखपत्र लागत नाही. यांपैकी काहीच नसेल, तर गट-अ राजपत्रित अधिकाऱ्याचे छायाचित्रासह पत्र चालते.

विमानात कोण चढते हे सरकारने पाहू नये, असे १९९९ च्या अपहरणानंतर कोणी म्हणणार नाही. परंतु सुरक्षेला हवा असतो तिकिटावरचे नाव व समोरचा चेहरा यांचा मेळ. विशिष्ट कार्ड नव्हे. व्यवहारात मात्र तिकिटे काढून देणाऱ्या दुकानापासूनच "आधार आणा" हे एकच वाक्य ऐकू येते. ज्या मुभेची माहिती नाही, ती मुभा नसल्यासारखीच.

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते याच खानदेशात, शहादे तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावी. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. ज्याच्यापाशी कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा त्या समारंभातील शब्द होता. तोच कागद आता माणसाला अडविण्याच्या कामी यावा काय?

अडचण नावापासूनच सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मतदारयादीत सासरचे. एकीकडे सुमन, दुसरीकडे सुमनबाई. गिरासे मंडळींच्या नावातला 'सिंग' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. मराठी माणसाचे नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावावाचून पुरे होत नाही, आणि तिकिटाचा अर्ज दोनच रकाने पुढे करतो. एरंडोलच्या कारकुनाने वीस वर्षांपूर्वी केलेली वेलांटीची चूक विमानतळाच्या दाराशी उघडी पडते! मुंबईच्या इस्पितळात तारीख मिळालेल्या रुग्णाला अशा वेळी तिकिटाच्या पैशांपेक्षा तारखेची हानी मोठी.

मोठ्या विमानतळांवर डिसेंबर २०२२ पासून 'डिजियात्रा' आली आहे. तेथे चेहराच ओळखपत्र होतो, आणि नोंदणीला आधार लागतो. ती ऐच्छिक असल्याचे सरकार सांगते. तरी नीट न विचारता चेहरे टिपले गेल्याच्या तक्रारी पुढे आल्याच. खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा आशय होता. ऐच्छिक गोष्टीची रांग लहान आणि दुसरी लांबलचक ठेवली, की सक्तीचे काम हुकूम न काढताही साधते.

मागण्या साध्या आहेत. ही संपूर्ण यादी मराठीत तिकिटावर छापावी व जळगावच्या प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लावावी. राजपत्रित अधिकाऱ्याचे पत्र आज ओळखीपाळखीवर मिळते. त्यासाठी अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा येथील तहसील कचेरीत ठराविक दिवशी अधिकाऱ्याने बसावे. आणि नावातील वेलांटी-उकाराची दुरुस्ती विमान कंपन्यांनी दारावरच, विनामूल्य करून द्यावी.